पहिला प्रोग्रॅमर घेण्याआधी चिप ठरवा

नव्याने इलेक्ट्रॉनिक्सकडे वळलेले लोक हमखास विचारतात, "कुठला प्रोग्रॅमर घेऊ?" चिप कोणती वापरणार हे कळल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही. प्रत्येक मायक्रोकंट्रोलर (एका चिपमध्ये मावलेला छोटा संगणक) कुटुंबाची प्रोग्रॅम आत घेण्याची रीत वेगळी असते: तारा वेगळ्या, व्होल्टेज वेगळं, संगणकावरचं सॉफ्टवेअरही वेगळं. एव्हीआर कुटुंबासाठी घेतलेला प्रोग्रॅमर पिक कुटुंबाला सहसा चालत नाही आणि पिकचा एसटीएम३२ कुटुंबाला चालत नाही. त्यामुळे उलट्या क्रमाने खरेदी झाली की टेबलावर एक निरुपयोगी यंत्र आणि त्याला न जुळणारी चिप, दोन्ही पडून राहतात.

प्रोग्रॅमर काय काम करतो, तेवढं आधी पाहू. तुम्ही सीमध्ये कोड लिहिता, कंपायलर त्याची हेक्स किंवा बिन फाइल करतो. ती चिपच्या फ्लॅश मेमरीत जायला हवी, पण बहुतेक लहान चिपना यूएसबी येतच नाही. प्रोग्रॅमर एका बाजूने संगणकाशी यूएसबीवर बोलतो आणि दुसऱ्या बाजूने चिपशी तिच्या दोन-चार तारांवर. त्याची कामं ठरलेल्या क्रमाने होतात. तो चिपला प्रोग्रॅमिंगच्या अवस्थेत नेतो, तिचा ओळख क्रमांक वाचतो, फ्लॅश पुसतो, नवा मजकूर लिहितो आणि शेवटी परत वाचून ताडून बघतो. हा क्रम लक्षात ठेवा. पुढे काही अडलं तर यातल्या कोणत्या पायरीवर अडलं, हे पाहूनच दोष सापडतो.

मुळात प्रोग्रॅमर लागणार आहे का?

बऱ्याच जणांना पहिले काही महिने लागत नाही. आर्डुइनो ऊनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम आधीच बसवलेला असतो. ३२ किलोबाइट फ्लॅशपैकी तो जेमतेम ५१२ बाइट घेतो आणि यूएसबीवरून आलेला तुमचा कोड स्वतःच उरलेल्या जागेत लिहितो. ईएसपी३२मध्ये हे काम चिपच्या रॉममधला बूटलोडर करतो. रास्पबेरी पाय पिकोवर बूटसेल बटण दाबून धरून केबल लावली की बोर्ड पेन ड्राइव्हसारखा दिसतो आणि यूएफ२ फाइल त्यात ओढून टाकली की काम झालं. पिकोचा हा बूटलोडरही रॉममध्ये असल्यामुळे तुमच्या कोडने तो कधीच पुसला जात नाही. नवशिक्याच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे.

अशा बोर्डांना लागते ती चांगली यूएसबी केबल. फक्त चार्जिंगसाठी केलेल्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात. बोर्डावरचा दिवा लागतो, पण संगणकावर पोर्ट उमटत नाही आणि माणूस तासभर ड्रायव्हर शोधत बसतो. त्याच केबलने फोनमधली फाइल संगणकावर उतरते का ते आधी बघा. ईएसपी३२वर कोड टाकताना "कनेक्टिंग"पुढे नुसते ठिपके येत राहिले, तर बोर्डावरचं बूट बटण दाबून धरा आणि लिहायला सुरुवात झाली की सोडा.

स्वतंत्र प्रोग्रॅमरची गरज पडते ती पुढच्या टप्प्यावर: कोरी चिप ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता तारा खोचायच्या पाटीवर) किंवा स्वतःच्या पीसीबीवर (छापील सर्किट बोर्डावर) लावायची असेल, बूटलोडर खराब झाला असेल, फ्यूज (चिपचं घड्याळ, रीसेट वगैरे ठरवणाऱ्या आतल्या सेटिंग) बदलायचे असतील, एटीटायनी८५सारख्या ८ किलोबाइटच्या चिपमध्ये बूटलोडरला जागा द्यायची नसेल, किंवा कोड चालता चालता थांबवून आत काय चाललंय ते पाहायचं असेल. यातलं काहीच करायचं नसेल, तर आज प्रोग्रॅमर घेऊ नका.

एव्हीआर: जुने आणि नवे

कोरी चिप ब्रेडबोर्डवर लावून शिकायला एव्हीआर अजूनही सगळ्यात सोपी. डीआयपी (दोन ओळी पायांच्या, ब्रेडबोर्डवर बसणाऱ्या) आकारात मिळते, एटीमेगा३२८पी तर १.८ ते ५.५ व्होल्टपर्यंत चालते, आणि डेटाशीट नवख्यालाही वाचता येईल अशी आहे. एक घोळ मात्र इथे नेहमी होतो. एव्हीआरमध्ये प्रोग्रॅमिंगच्या मुख्यतः दोन पूर्णपणे वेगळ्या पद्धती आहेत. एटीमेगा८, एटीमेगा३२८पी, एटीटायनी८५ या जुन्या चिप आयएसपी (चिप सर्किटमध्येच ठेवून करायच्या) पद्धतीने प्रोग्रॅम होतात. त्यात मोसी (चिपकडे जाणारा डेटा), मिसो (चिपकडून येणारा डेटा), एससीके (घड्याळाचा सिग्नल), रीसेट, पुरवठा आणि ग्राउंड अशा सहा तारा लागतात. एटीटायनी४१२, एटीमेगा४८०९, एव्हीआर१२८डीबी२८ या नव्या चिपना यूपीडीआय लागतं. त्यात डेटाची एकच तार असते. एटीटायनी८५ आणि एटीटायनी४१२ ही नावं सख्ख्या भावंडांची वाटतात, पण एकीचा प्रोग्रॅमर दुसरीला ओळखतही नाही. म्हणून चिप घेण्याआधी डेटाशीटमधलं प्रोग्रॅमिंगचं प्रकरण उघडून आयएसपी की यूपीडीआय, एवढं बघा.

जुन्या एव्हीआरसाठी यूएसबीएएसपी घ्या. हे खुलं डिझाइन आहे, त्याचे असंख्य क्लोन मिळतात, आणि पहिल्या चिपसाठी यापेक्षा महाग काही लागत नाही. घरात आर्डुइनो ऊनो आधीच असेल तर तेही नको. ऊनोलाच प्रोग्रॅमर करता येतं, ते पुढे येईल.

नव्या एव्हीआरचा मामला आणखी स्वस्त आहे. साधा यूएसबी-सिरियल अडॅप्टर आणि १ किलोओहमचा एक रेझिस्टर पुरतो. अडॅप्टरचा आरएक्स (डेटा घेणारी पिन) थेट यूपीडीआय पिनला जोडायचा, टीएक्स (डेटा पाठवणारी पिन) त्या रेझिस्टरमधून त्याच पिनला, आणि पुरवठा व ग्राउंड जोडायचे. एव्हीआरड्यूड या प्रोग्रॅमिंगच्या सॉफ्टवेअरच्या ७.० पासूनच्या आवृत्त्यांमध्ये यासाठी सिरियलयूपीडीआय नावाचा प्रकार आहे. जोडणी बरोबर असूनही चिप उत्तर देत नसेल, तर अडॅप्टर पाहा. काहींवर टीएक्सच्या वाटेत आधीच एक रेझिस्टर बसवलेला असतो. दोघांची बेरीज जास्त झाली की सिग्नल पुरेसा खाली येत नाही. अशा वेळी बाहेरचा रेझिस्टर कमी किमतीचा लावा.

एसटीएम३२ आणि बाकीचे

एसटीएम३२सारख्या आर्म कॉर्टेक्स-एम गाभ्याच्या चिप एसडब्ल्यूडीवर बोलतात: एसडब्ल्यूडीआयओ, एसडब्ल्यूसीएलके, ग्राउंड, आणि जमल्यास रीसेट. या दोन-तीन तारांवरून नुसतं प्रोग्रॅमिंग नाही, डीबगिंगही होतं. एखाद्या ओळीवर कोड थांबवायचा, व्हेरिएबलमध्ये त्या क्षणी काय आहे ते वाचायचं, एकेक ओळ पुढे सरकायचं. आयएसपीमध्ये हे अजिबात होत नाही. तिथे कोड टाकल्यावर प्रोग्रॅमरचं काम संपतं आणि पुढचं तुम्ही एलईडी लुकलुकवून किंवा सिरियलवर छापून शोधायचं. एटीमेगा३२८पीमध्ये डीबगवायर ही सोय आहे खरी, पण ती यूएसबीएएसपीच्या आवाक्यातली नाही. त्याला अ‍ॅटमेल-आइससारखं साधन लागतं. एम्बेडेडमध्ये नोकरी करायचा विचार असेल, तर डीबगर हाताशी असणं ही चैन नाही. माझ्या मते अशा माणसाने एसटीएम३२पासूनच सुरुवात करावी.

तिथे पहिली खरेदी सुट्या प्रोग्रॅमरची नको, न्यूक्लिओ बोर्डाची करा. त्यावर एसटी-लिंक हा प्रोग्रॅमर-डीबगर बसवलेलाच असतो. ६४ पिनांच्या अनेक न्यूक्लिओ बोर्डांवर सीएन२ या ठिकाणचे दोन जंपर काढले की तोच एसटी-लिंक बाहेरच्या एसटीएम३२ चिपसाठी वापरता येतो. त्याच्या सीएन४ कनेक्टरवर क्रमाने चिपचं व्होल्टेज, एसडब्ल्यूसीएलके, ग्राउंड, एसडब्ल्यूडीआयओ, रीसेट आणि एसडब्ल्यूओ येतात. पहिली पिन वीज देत नाही. तुमच्या चिपचं व्होल्टेज किती आहे ते ती फक्त पाहते. पेन ड्राइव्हच्या आकाराच्या स्वस्त एसटी-लिंक क्लोनवर मात्र ३.३ व्होल्टची पिन खरंच वीज देते. हा फरक माहीत नसेल तर न्यूक्लिओवरून जोडलेली चिप वीज नसल्यामुळे गप्प राहते आणि दोष केबलला दिला जातो. क्लोनच्या पिनांचा क्रमही नमुन्यागणिक बदलतो. इंटरनेटवरचं चित्र बघून तारा लावू नका, हातातल्या तुकड्यावर जे छापलंय ते वाचा.

एसटीएम३२एफ१ मालिकेत नवख्याला गाठणारा एक खड्डा आहे. क्यूबएमएक्स या एसटीएम३२च्या सॉफ्टवेअरमध्ये प्रकल्प सुरू करताना डीबगचा पर्याय "नो डीबग" असाच राहिला, तर पहिला कोड व्यवस्थित जातो आणि दुसरा जात नाही. पहिल्या कोडने सुरू होताच एसडब्ल्यूडीच्या पीए१३ आणि पीए१४ या पिना बंद केलेल्या असतात. चिप मेलेली नसते. रीसेटची तार जोडा, एसटीएम३२क्यूबप्रोग्रॅमरमध्ये "कनेक्ट अंडर रीसेट" निवडा, फ्लॅश पुसा, आणि पुढच्या वेळी डीबगमध्ये सिरियल वायर निवडा. रीसेटची तार नसेल तर बूट०चा जंपर १ वर ठेवून बोर्ड चालू केला तरी तुमचा कोड सुरू होत नाही आणि पुसायला वाट मिळते. त्याच सॉफ्टवेअरमध्ये वाचनसंरक्षणाची पातळी दिसते. तिला हात लावू नका. पातळी १ काढताना सगळी फ्लॅश पुसली जाते, आणि पातळी २ बहुतेक चिपवर परत फिरत नाही.

पिककडे वळणाऱ्यांनी पिकिट ३चे क्लोन टाळावेत. एमपीलॅब एक्स या पिकच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्यांतून त्याचा आधार काढलेला आहे. पिकिट ५ घ्या. कमी खर्चात भागवायचं तर एमपीलॅब स्नॅप आहे, पण त्याच्या दोन मर्यादा खरेदीआधी माहीत हव्यात: तो चिपला वीज देत नाही आणि एमसीएलआर (रीसेट) पिनवर उच्च व्होल्टेजही देत नाही. म्हणजे सर्किटला स्वतःचा पुरवठा हवा, आणि फक्त उच्च व्होल्टेजवरच प्रोग्रॅम होणाऱ्या जुन्या पिक त्याच्याने होणार नाहीत.

८०५१ शिकायची असेल तर चिपच्या नावातलं एक अक्षर बघा. एटी८९एस५२ सर्किटमध्येच आयएसपीने प्रोग्रॅम होते. एटी८९सी५१ला ती सोय नाही. ती काढून समांतर प्रोग्रॅमरच्या सॉकेटमध्ये बसवावी लागते आणि १२ व्होल्ट लागतात. पहिल्या चिपसाठी एस असलेलीच घ्या. एव्हीआरहून एक गोष्ट इथे उलटी आहे: रीसेट पिन वर गेली की ८०५१ रीसेट होते.

आणि एक सावधगिरी. सीएच३४१ए नावाचा छोटा प्रोग्रॅमर स्वस्त असतो, नावात प्रोग्रॅमर हा शब्दही असतो, म्हणून तो पटकन घेतला जातो. तो सुट्या फ्लॅश आणि ईईप्रॉम चिपसाठी आहे. मायक्रोकंट्रोलर शिकायला नाही. शिवाय त्याच्या काळ्या बोर्डाच्या नमुन्यात डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात, जे ३.३ व्होल्टच्या चिपला सोसतीलच असं नाही. हिरव्या झिफ (खटका उघडून चिप ठेवायच्या) सॉकेटचे सार्वत्रिक प्रोग्रॅमर चांगले असतात, पण चिप दर वेळी काढून त्यात ठेवावी लागते. कोड दिवसातून पन्नासदा बदलणाऱ्या शिकाऊ माणसाला तो व्याप परवडत नाही.

घेताना आणि जोडण्याआधी काय पाहायचं

सॉफ्टवेअर तुमच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतं का, हे आधी. मग व्होल्टेज. यूएसबीएएसपीवर ५ आणि ३.३ व्होल्टचा जंपर असतो, पण काही क्लोनवर तो फक्त पुरवठ्याची पिन बदलतो आणि सिग्नल ५ व्होल्टचेच राहतात. सर्किटवर एसडी कार्ड किंवा ३.३ व्होल्टचा सेन्सर त्याच मोसी-मिसो-एससीके तारांवर बसला असेल, तर प्रोग्रॅमिंग करताना तो काढून ठेवा.

वीज एकाच ठिकाणाहून द्या. सर्किट स्वतःच्या अडॅप्टरवर चालू असेल तर प्रोग्रॅमरची पुरवठ्याची तार लावू नका, ग्राउंड मात्र लावायलाच हवा. मोटर किंवा सर्व्हो प्रोग्रॅमरच्या विजेवर चालवू नका. व्होल्टेज मध्येच खाली बसतं आणि लिहिलेला मजकूर पडताळणीत जुळत नाही.

पहिली जोडणी: यूएसबीएएसपी आणि एटीमेगा३२८पी

सामान एवढं: २८ पिनांची डीआयपी एटीमेगा३२८पी, ब्रेडबोर्ड, ०.१ मायक्रोफॅरडचे दोन सिरॅमिक कपॅसिटर, १० किलोओहमचा एक आणि ४७० ओहमचा एक रेझिस्टर, एक एलईडी, जंपर वायर. चिप एक जादा असू द्या. काही बिघडलं तर दोष चिपमध्ये आहे की जोडणीत, ते दुसरी चिप लावल्यावर लगेच कळतं.

१. चिपच्या एका टोकाला खाच असते. ती डावीकडे ठेवली की खालच्या ओळीतली डावीकडची पहिली पिन १ नंबरची. तिथून उजवीकडे १४ पर्यंत मोजा, मग वरच्या ओळीत उजवीकडून डावीकडे १५ ते २८.

२. पिन ७ आणि २० पुरवठ्याला, पिन ८ आणि २२ ग्राउंडला. चारही जोडा. २० नंबरची पिन अ‍ॅनालॉग भागाची म्हणून सोडून देणारे खूप असतात, आणि मग चिप कधी चालते, कधी नाही. दोन्ही जोड्यांवर चिपला अगदी खेटून एकेक ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा.

३. पिन १ म्हणजे रीसेट. ती १० किलोओहममधून पुरवठ्याला जोडा.

४. यूएसबीएएसपीच्या दहा पिनांच्या कनेक्टरवरून: १ नंबर मोसी चिपच्या १७ ला, ९ नंबर मिसो १८ ला, ७ नंबर एससीके १९ ला, ५ नंबर रीसेट १ ला, २ नंबर पुरवठा आणि १० नंबर ग्राउंड. सर्वाधिक चुका या पायरीवर होतात. रिबन केबलचा कनेक्टर समोरून पाहिला की बोर्डावरच्या पिनांचं आरशातलं प्रतिबिंब दिसतं आणि डावं-उजवं उलटतं. मल्टिमीटर बझरवर ठेवा, एक टोक यूएसबीएएसपीच्या ग्राउंडला (यूएसबी प्लगचं धातूचं आवरण चालतं) लावा आणि केबलच्या कोणत्या भोकांत आवाज येतो ते बघा. ग्राउंडची बाजू सापडली की बाकीचा क्रम आपोआप लागतो.

५. एलईडी ४७० ओहममधून पिन १४ ला, म्हणजे पीबी०ला. मोसी, मिसो, एससीकेवर सध्या दुसरं काही नको. तारा २० सेंटीमीटरच्या आत ठेवा.

६. संगणकाला जोडा. विंडोजवर ड्रायव्हर लागला तर झाडिग (ड्रायव्हर बसवणारं छोटं सॉफ्टवेअर) वापरून लिबयूएसबी-के बसवा. झाडिगच्या यादीत यूएसबीएएसपीच निवडलाय ना, हे दोनदा बघा. चुकून माउस किंवा कीबोर्डवर हा ड्रायव्हर बसवला तर तो बंद पडतो. लिनक्सवर प्रोग्रॅमर फक्त सुडोने चालत असेल तर यूडेव्हचा नियम घालावा लागेल. मॅकवर काही लागत नाही.

७. आता काहीही न लिहिता एव्हीआरड्यूडला फक्त प्रोग्रॅमरचं आणि चिपचं नाव सांगून चालवा. तो चिपची सही (ओळख क्रमांक) वाचेल. १ई ९५ ०एफ आलं तर वीज, तारा, ड्रायव्हर, वेग, सगळं ठीक आहे. ते येईपर्यंत लिहिण्याच्या आज्ञेकडे वळूच नका.

८. सही दोन-तीनदा वाचा. दर वेळी तीच आली की मगच एलईडी लुकलुकवणारी हेक्स फाइल लिहा.

एलईडी लुकलुकतो पण फारच हळू? तर तो चिपचा दोष नाही. कारखान्यातून येताना ही चिप आतल्या ८ मेगाहर्ट्‌झच्या घड्याळावर आणि त्याला ८ ने भागून चालते, म्हणजे १ मेगाहर्ट्‌झवर. कोड १६ मेगाहर्ट्‌झ धरून कंपाइल केला असेल तर एका सेकंदाचा विराम १६ सेकंदांचा होतो. कोडमधला एफ_सीपीयू (चिपचा वेग सांगणारा आकडा) १०००००० करा.

सही येत नसेल तर

"टार्गेट डझंट आन्सर" असं आलं, तर प्रोग्रॅमर संगणकाला दिसतोय पण चिप बोलत नाही. पहिल्यांदा पिन ७ आणि ८च्या मध्ये व्होल्टेज मोजा, ब्रेडबोर्डच्या पट्टीवर नाही, थेट चिपच्या पायांवर. मग पिन २० आणि २२. त्यानंतर मोसी आणि मिसो उलट झालेत का ते बघा. आयएसपीमध्ये मोसी मोसीलाच जातो. सिरियलच्या टीएक्स-आरएक्ससारखी अदलाबदल इथे करायची नसते.

जोडणी ठीक असेल तर वेग. आयएसपीचा एससीके चिपच्या घड्याळाच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी हवा. कोरी चिप १ मेगाहर्ट्‌झवर असते, म्हणजे मर्यादा २५० किलोहर्ट्‌झ. यूएसबीएएसपी बऱ्याचदा ३७५ किलोहर्ट्‌झवर सुरू होतो, म्हणून नव्याकोऱ्या चिपशी गाठ पडतच नाही. एव्हीआरड्यूडला कॅपिटल बी हा पर्याय १० या आकड्यासह द्या, वेग १०० किलोहर्ट्‌झच्या आसपास येतो. एससीकेचा वेग बदलता येत नाही अशी सूचना आली तर क्लोनमधलं फर्मवेअर जुनं आहे. अशा वेळी बोर्डावरचा हळू वेगाचा जंपर, बहुधा जेपी३, जोडा. लिहायला वेळ लागेल पण काम होईल. वेग योग्य असेल तर त्या सूचनेकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं.

सही ०० ०० ०० किंवा एफएफ एफएफ एफएफ आली तर मिसोवरून काहीच येत नाही: तार सुटली, रीसेट लागला नाही किंवा वेग जास्त. दर वेळी वेगळी सही आली तर बहुतेकदा ग्राउंड सैल, तारा लांब किंवा कपॅसिटर नाहीत. १ई ९५ १४ आली तर जोडणी उत्तम आहे, पण चिप एटीमेगा३२८ आहे, ३२८पी नाही. नाव बदलून सांगा. सही न जुळताही जबरदस्ती लिहायला लावणारा पर्याय आहे, तो सध्या विसरून जा.

ऊनोलाच प्रोग्रॅमर करायचं तर

आर्डुइनो आयडीईच्या उदाहरणांमधलं आर्डुइनोआयएसपी हे स्केच ऊनोवर टाका. ते टाकून झाल्यावर, आधी नाही, ऊनोच्या रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, धन टोक रीसेटकडे. तो नसला की संगणकाने पोर्ट उघडताच ऊनो स्वतः रीसेट होतो आणि तुमची आज्ञा त्याचा बूटलोडर खाऊन टाकतो. जोडणी: ऊनोची १० नंबरची पिन चिपच्या रीसेटला, ११ मोसीला, १२ मिसोला, १३ एससीकेला, वर ५ व्होल्ट आणि ग्राउंड. टूल्समधल्या प्रोग्रॅमरच्या यादीत "आर्डुइनो अ‍ॅज आयएसपी" निवडा. त्याच यादीत "आर्डुइनोआयएसपी" असंही दिसतं, ते वेगळंच यंत्र आहे. कोड पाठवताना नेहमीचं अपलोड बटण नको. स्केच मेनूतलं "अपलोड यूजिंग प्रोग्रॅमर" वापरा. आणि हे ध्यानात असू द्या की आयएसपीने लिहिताना आधी पूर्ण चिप पुसली जाते, बूटलोडरसकट.

फ्यूज

एव्हीआरच्या फ्यूजमध्ये ० म्हणजे चालू आणि १ म्हणजे बंद. ही उलटी गणना आणि घाई एकत्र आली की चिप अडकते. कारखान्याच्या किमती लो ६२, हाय डी९, एक्स्टेंडेड एफएफ. ८ ने भागणं बंद करून पूर्ण ८ मेगाहर्ट्‌झ हवे असतील तर लो फ्यूज ई२ करा. नवख्याला याहून जास्त सहसा लागत नाही. हाय फ्यूजमध्ये रीसेट पिन बंद करणारा बिट असतो. तो चालू झाला की आयएसपीची वाटच बंद होते आणि मग १२ व्होल्टचा उच्च व्होल्टेज प्रोग्रॅमर आणावा लागतो.

बाहेरच्या क्रिस्टलचा फ्यूज लावला आणि क्रिस्टल मात्र नाही, हा प्रकार जास्त घडतो. चिपला घड्याळच उरत नाही, म्हणून ती उत्तर देत नाही. पिन ९ आणि १०च्या मध्ये १६ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल आणि दोन्हींपासून ग्राउंडला २२ पिकोफॅरडचा एकेक कपॅसिटर लावा, बहुतेक वेळा चिप पुन्हा बोलू लागते. वर सांगितलेल्या ऊनोच्या पद्धतीने "बर्न बूटलोडर" केलं आणि बोर्ड म्हणून ऊनो निवडलेला होता, तरीही हाच फ्यूज लागतो. तेव्हा आयडीईत ते बटण दाबण्याआधी क्रिस्टल ब्रेडबोर्डवर असू द्या.

स्वतःचा पीसीबी करताना

आयएसपीचा सहा पिनांचा हेडर ठेवा: १ मिसो, २ पुरवठा, ३ एससीके, ४ मोसी, ५ रीसेट, ६ ग्राउंड. पिन १ शेजारी ठळक खूण छापा. या तीन डेटा तारांवर दुसरं काही बसवायचंच असेल तर ते १ किलोओहममधून बसवा, म्हणजे प्रोग्रॅमरच्या सिग्नलवर त्याचा जोर चालणार नाही. एसपीआयवर (म्हणजे याच तीन तारांवर) बसलेल्या भागाच्या निवड पिनला १० किलोओहमचा पुल-अप (पुरवठ्याकडे जोडलेला रेझिस्टर) द्या. प्रोग्रॅमिंग चालू असताना चिपच्या पिना मोकळ्या असतात आणि पुल-अप नसेल तर तो भाग मधेच मिसोवर बोलू लागतो. पुढे डीबगवायर वापरायचा विचार असेल तर रीसेटवर कपॅसिटर नको, आणि यूपीडीआय पिनवरही नको. एसटीएम३२ असेल तर ३.३ व्होल्ट, ग्राउंड, एसडब्ल्यूडीआयओ, एसडब्ल्यूसीएलके आणि रीसेट यांचे पाच पॅड सोडा. जागा वाचवायला रीसेटचा पॅड गाळला, तर "नो डीबग"चा तो घोळ पीसीबीवर निस्तरताना बारीक तार थेट चिपच्या पायाला डाग द्यावी लागते.